गळालेला दोडका आधी कापून पाहा



आज आपण सांदवाडीतल्या वेलांवर पडणाऱ्या किडींबद्दल बोलणार आहोत. पाऊस लागला की कुंपणावर, न्हाणीच्या पाण्यावर, गोठ्याच्या छपरावर आपले वेल चढतात. दोडका, कारलं, लवकी, काकडी आणि कोहळं. दुसऱ्या भागातून इकडे लग्न होऊन आलेल्या सुनांसाठी सांगतो, आमच्याकडे कोहळं म्हणजे लाल भोपळा आणि लवकी म्हणजे दुधी. नावं वेगळी असली तरी ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत. त्यामुळे त्यांच्या किडीही बऱ्याचशा सारख्याच.

किडींची नावं सांगण्याआधी आमची एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं खरं होणार नाही.

मागच्या पावसाळ्यात एका गल्लीतल्या गटाला आम्ही वेलांचं बी वाटलं. प्रत्येकीनं आळी केली, मांडव घातले. वेल जोरात आले. पोळ्याच्या सुमाराला दोडके धरायला लागले आणि तिथूनच रड सुरू झाली. बोटाएवढं फळ झालं की पिवळं पडायचं, वाकडं व्हायचं, गळून जायचं. गटाच्या बैठकीत बाया विचारू लागल्या, आता काय करायचं? आम्ही बैठकीत बसल्या-बसल्याच उत्तर दिलं, वेलावर राख टाका. आणि गळालेली फळं वाया घालवू नका, खताच्या खड्ड्यात टाका, चांगलं खत होईल.

आम्ही वेल पाहिला नाही. फळ कापून पाहिलं नाही. ऐकलं आणि सांगून मोकळं झालो.

त्या गल्लीत एक मावशी आहेत. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला लागणाऱ्या भाज्या या वर्षी घरच्या असाव्यात, एवढी त्यांची साधी इच्छा. सणाच्या आठवड्यात बाजारात दोडका कोणत्या भावाला जातो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यांनी आम्ही सांगितलं तसं सगळं केलं. राख टाकली, फळं वेचून खड्ड्यात टाकली. तरी गळ थांबेना, उलट वाढली. शेवटी त्यांच्या मुलानं कपाशीचं उरलेलं औषध एका संध्याकाळी वेलावर मारलं. तरीही फळं गळतच राहिली. शिवाय जी चार धड होती, तीही आता खायची कशी? मावशींनी सगळा वेल उपटला आणि पुढच्या बैठकीत म्हणाल्या, "मला पुन्हा बी देऊ नका, बाई. मेहनत माझी जाते."

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा त्यांच्या शेजारच्या वेलाखाली बसून गळालेला एक दोडका विळीवर उभा चिरला. आत पांढुरक्या अळ्या वळवळत होत्या. हातावर घेतली तर एक अळी टुणकन उडून खाली पडली. कृषी विज्ञान केंद्रातल्या ताईंना ते फळ दाखवलं. त्यांनी एका नजरेत सांगितलं, ही फळमाशी. राखेनं ती हटत नाही. आणि तुम्ही जो खताचा खड्डा भरलात, तो खड्डा नाही, फळमाशीचा पाळणा आहे.

म्हणून आजचं पहिलं वाक्य लक्षात ठेवा. आधी ओळख, मग उपाय. आणि गळालेलं फळ आधी कापून पाहायचं.

ओळख अवघड नाही. आपण लेकराला ताप आला की आधी पाहतो, घसा दुखतो का, पोट दुखतं का. तसंच वेलाचं दुखणं कुठे आहे ते आधी पाहायचं. कोवळ्या रोपावर, पानावर, की फळावर? या तीन ठिकाणांच्या क्रमानंच आपण पुढे जाऊ.

पहिलं ठिकाण, कोवळं रोप.

बी उगवलं, दोन पानं आली आणि सकाळी पाहावं तर पानांना गोल-गोल भोकं. कधी तर पानाच्या नुसत्या शिरा उरलेल्या. हे काम लाल भुंगेऱ्याचं. नारिंगी-तांबड्या रंगाचा, चमकदार, भाताच्या दाण्याएवढा लांबट किडा. उन्हं वर आली की चपळ होतो, हात लावायच्या आत उडतो. पण सकाळच्या गारव्यात सुस्त असतो. म्हणून त्याला पकडायची वेळ सकाळची, चहाच्या आधीची. एका डब्यात साबणाचं पाणी घ्यायचं, पानाखाली धरायचं आणि पान टिचकीनं हलवायचं. भुंगेरे पाण्यात पडतात आणि साबणामुळे वर येऊ शकत नाहीत. आठ-दहा दिवस नेमानं केलं तर रोप वाचतं.

राखेचा उपयोग इथे आहे. चुलीची राख पूर्ण थंड झालेली, चाळलेली असावी. सकाळी पानावर दव असताना वरून हलकी भुरभुरायची म्हणजे ती चिकटून राहते. राख लागलेलं पान खायला भुंगेरा नाखूश असतो. पाऊस पडला की धुऊन जाते, मग पुन्हा टाकायची. मात्र बुडाशी राखेचा ढीग करू नका. जास्त राखेनं माती खारट होते आणि रोपालाच त्रास होतो.

आणखी दोन गोष्टी. एका आळ्यात एकच बी लावू नका. तीन-चार लावा आणि पुढे जोमदार दोन रोपं ठेवा. म्हणजे एखादं भुंगेऱ्यानं खाल्लं तरी आळं रिकामं राहत नाही. दुसरं, घरात फाटकी मच्छरदाणी असेल तर काड्या रोवून तिचं झाकण करा. कडा मातीनं दाबा. वेल चढायला लागला की झाकण काढायचं. फुलं येईपर्यंत ठेवलं तर मधमाशी आत जाऊ शकणार नाही.

या भुंगेऱ्याची मादी वेलाच्या बुडाशी मातीत अंडी घालते. त्यातून निघालेल्या अळ्या मुळं खातात आणि जमिनीला टेकलेल्या फळालाही खालून पोखरतात. म्हणून कोहळं जमिनीवर असेल तर त्याखाली वाळलेलं गवत, फरशीचा तुकडा किंवा मडक्याचं खापर ठेवा. वेल संपला की तो तिथेच पडू देऊ नका. उपटून काढा आणि आळं खोदून माती उन्हात उघडी टाका. मातीतल्या अळ्या वर येतात. बाकीचं काम कोंबड्या करतात.

दुसरं ठिकाण, पान.

पानावर चार प्रकारची दुखणी नेहमी दिसतात.

पानावर कुणी पांढऱ्या पेनानं नागमोडी रेघोट्या ओढल्यासारखं दिसलं तर ती नागअळी. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये राहून खाते, म्हणून वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत सहजी पोचत नाही. खालची दोन-चार पानंच तशी असतील तर घाबरू नका, पानं खुडून जाळा. मोठ्या वेलाला तेवढ्यानं काही होत नाही.

पान दुमडलेलं, जाळीनं चिकटवलेलं दिसलं तर उघडून पाहा. आत हिरवी अळी असेल आणि तिच्या पाठीवर दोन पांढऱ्या उभ्या रेघा असतील. ही पानं खाणारी अळी. काही वेळा ती कोवळ्या फळाची सालही कुरतडते. हातानं वेचा, कोंबड्यांना टाका.

पान खालून चिकट, कडा आत वळलेल्या आणि वेलावर मुंग्यांची रांग दिसली तर पान उलटं करा. बारीक हिरवट-पिवळे किडे गर्दी करून बसलेले असतील. तो मावा. तो रस शोषतो आणि अंगातून गोड चिकटा सोडतो. मुंग्या त्यासाठी येतात. वेल हलवल्यावर पांढऱ्या बारीक माश्या धुरळ्यासारख्या उडाल्या तर ती पांढरी माशी. ही दोन्ही रस तर पितातच, पण एका वेलाचा रोग दुसऱ्या वेलावर नेतात. पानावर पिवळे-हिरवे चट्टे, पानं बारीक आणि आकसलेली, फळं वेडीवाकडी आणि गाठाळ, असा वेल दिसला तर तो केवड्यासारखा विषाणूचा रोग. त्याला औषध नाही. माया न करता तो वेल उपटून जाळायचा, म्हणजे बाकीचे वाचतात.

मावा थोडा असेल तर बोटांनी चिरडा किंवा पाण्याची जोरदार धार पानाच्या खालच्या बाजूला मारा. पांढऱ्या माशीसाठी पिवळा चिकट सापळा लावा. तो घरीही होतो. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा पिवळा रंगवा, त्यावर एरंडेल लावा आणि वेलाच्या उंचीवर टांगा. पिवळ्या रंगाकडे माश्या येतात आणि चिकटतात. धूळ बसली की पुसून पुन्हा तेल लावायचं.

चौथं दुखणं कारल्याच्या वेलावर जास्त दिसतं. पान खरवडून खाल्लेलं, जाळीदार, वाळून तपकिरी झालेलं. तिथे अर्ध्या वाटाण्यासारखा फुगीर भुंगेरा असतो, मळकट तांबूस, त्यावर काळे ठिपके. त्याची अळी पिवळी आणि अंगभर काट्यांची. याला ठिपकेवाला भुंगेरा म्हणा. वांग्यावरही येतो. पानाखाली पिवळी अंडी उभी रचून ठेवलेली असतात, ती पानासकट खुडून टाका.

पण थांबा, ठिपके दिसले की चिरडायचं असं करू नका. त्याच्यासारखाच दिसणारा एक किडा आपला पाहुणा आहे. त्याला चित्रांग भुंगेरा किंवा ढालकिडा म्हणतात. तो पान खात नाही, मावा खातो. फरक असा ओळखा. पान खाणाऱ्याचं अंग मळकट, बारीक लव असल्यासारखं दिसतं. मावा खाणारा तुकतुकीत असतो, जणू आताच तेल लावलंय. पान खाणाऱ्याची अळी पिवळी काटेरी, तर मावा खाणाऱ्याची काळपट, त्यावर नारिंगी खुणा, आकारानं इवलीशी मगर. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे तो कुठे बसला आहे ते पाहा. जाळी झालेल्या पानावर बसला असेल तर शत्रू. माव्याच्या गर्दीत बसला असेल तर मित्र. आमच्या गटातल्या एका ताईंनी दोन दिवस खपून सगळे ठिपकेवाले किडे वेचून मारले आणि तिसऱ्या दिवसापासून मावा वाढला. वेचलेल्यांत आपलेच राखणदार होते.

पानांवरच्या या किडींसाठी घरचं औषध म्हणजे निंबोळी अर्क. निंबोळ्या पावसाच्या तोंडावर झाडाखाली पडतात, तेव्हाच गोळा करून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. सांदवाडीपुरतं प्रमाण लिहून घ्या. वाळलेल्या निंबोळीच्या मगजाची भरड पाव किलो म्हणजे 250 ग्रॅम. ती एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी चांगली ढवळून जुन्या पातळाच्या कपड्यातून गाळा, चोथा पिळून घ्या. त्यात पाणी घालून एकूण पाच लिटर करा. अंगाच्या साबणाचा एक छोटा तुकडा, साधारण 10 ग्रॅम, पाण्यात विरघळवून त्यात घाला, म्हणजे अर्क पानाला चिकटतो. हा झाला पाच टक्क्यांचा अर्क. फवारायचा तो ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूला, फुलं टाळून. केलेला अर्क त्याच दिवशी संपवा, ठेवल्यावर त्याचा जोर जातो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारा. निंबोळी अर्कानं किडे पटकन मरून पडत नाहीत. त्यांची भूक आणि वाढ मंदावते. म्हणून एका फवाऱ्यात "काहीच झालं नाही" म्हणून सोडून देऊ नका.

आता तिसरं ठिकाण, फळ. मावशींचं दुखणं हेच होतं.

फळ गळण्याची मुख्य कारणं दोन आहेत आणि दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत. म्हणून विळी घ्या आणि फळ चिरा.

चिरल्यावर आत अळी नाही, कुजकं पाणी नाही, वरून टोचल्याची खूण नाही, फळ बोटापेक्षा लहान आणि टोकाकडून पिवळं पडत सुकलं आहे, तर तिथे कीड नाही. फळ फळलंच नाही. आपल्या या वेलांवर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नर फुलामागे नुसता दांडा. सुरुवातीला नर फुलंच जास्त येतात आणि ती गळणारच, त्याची काळजी नको. पण मादी फुलाला नर फुलाचे परागकण मिळाले नाहीत तर मागचं फळ सुकतं. ते काम मधमाशा आणि इतर किडे करतात. सतत पाऊस असेल, किंवा कुणी औषध मारून मधमाशी घालवली असेल, तर ते काम अडतं. मग ते आपण करायचं. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा आणि त्याचा मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं, म्हणून सकाळी लवकर. दोडक्याचं आणि लवकीचं संध्याकाळी उमलतं, म्हणून दिवेलागणीला. एवढंच काम, पण गळ थांबते.

चिरल्यावर आत पांढऱ्या अळ्या आणि कुजका गर दिसला तर फळमाशी.

ही माशी घरातल्या माशीपेक्षा थोडी मोठी, तांबूस, अंगावर पिवळे पट्टे, कंबर गांधीलमाशीसारखी बारीक आणि पंखाच्या टोकाला तपकिरी डाग. मादी कोवळ्या फळाच्या सालीत सुईसारखी नळी टोचते आणि आत अंडी घालते. टोचल्या जागी बारीक ठिपका दिसतो, कधी त्यातून चिकाचा थेंब येऊन वाळतो. फळ त्या बाजूनं वाढत नाही म्हणून वाकडं होतं. एक-दोन दिवसांत अंड्यांतून अळ्या निघतात आणि गर खातात. फळ कुजून गळतं. आता पुढचं नीट ऐका. अळी मोठी झाली की फळातून बाहेर पडते, मातीत शिरते, तिथे कोष करते आणि काही दिवसांनी माशी होऊन वर येते. पावसाळ्यात ही सगळी फेरी दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होते.

म्हणजे गळालेलं एक फळ वेलाखाली पडू दिलं, उकिरड्यावर फेकलं किंवा खताच्या खड्ड्यात वरच्या वर टाकलं, तर त्यातल्या अळ्यांना मऊ माती आयती मिळते. दोन-तीन आठवड्यांनी त्याच माश्या आपल्या वेलावर. आम्ही सांगितलेल्या खताच्या खड्ड्यानं हेच केलं होतं. गल्लीभरची किडकी फळं आम्ही एका जागी गोळा करून दिली होती.

मग करायचं काय? पाच कामं.

एक. सकाळ-संध्याकाळ वेलाखालची गळालेली आणि वेलावरची टोचलेली, वाकडी, पिवळी फळं वेचा. वेलावर लटकलेलं किडकं फळ "बघू, वाढेल" म्हणून ठेवू नका, ते वाढत नाही. ही फळं निदान दोन फूट खोल पुरा आणि वरून माती पायानं घट्ट दाबा. रोज खड्डा करणं जमत नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवा. ऊन नसेल तर झाकणाच्या बादलीत साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा. अळ्या मेल्या की मग खुशाल खतात टाका.

दोन. वेलाखालची माती आठवड्यातून एकदा खुरप्यानं वरच्यावर हलवा. मुळं दुखावतील इतकं खोल नको. कोष वर येतात. तिथे कोंबड्या सोडा.

तीन. फळं कोवळी असतानाच तोडा. जून होऊ दिलेलं फळ माशीला जास्त दिवस मिळतं. दोडका, काकडी, कारलं एक दिवसाआड तोडत राहा.

चार. जी फळं आपल्याला हवीच आहेत, बियाण्यासाठी किंवा सणासाठी, त्यांना पिशवी घाला. फूल सुकलं आणि फळ बोटाएवढं झालं की जुन्या ओढणीच्या किंवा पातळाच्या कपड्याची सैल पिशवी वरून घालून दांड्याशी बांधा. पिशवी फळाला चिकटलेली नको, नाहीतर माशी कपड्यातून टोचते. कागदाची पिशवीही चालते, पण पावसात ती टिकत नाही.

पाच. कामगंध सापळा. यात एक वडी असते, तिच्या वासानं नर माश्या येतात आणि सापळ्यात अडकतात. नर कमी झाले की माद्यांची अंडी फळत नाहीत. इथे एक काळजी घ्या. दुकानात फळमाशीचा सापळा मागितला की कधी आंब्या-पेरूच्या माशीचा देतात. त्यातली वडी मिथाईल युजेनॉलची असते. आपल्या दोडक्या-कारल्याची माशी तिला येत नाही. आपल्याला हवी ती क्यू ल्युर नावाची वडी. घेताना नाव वाचून घ्या, वाचता येत नसेल तर लेकराकडून वाचून घ्या. सापळा वेलाच्या उंचीवर, सावलीत टांगा आणि पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत वडी बदला. एक लक्षात ठेवा, सापळ्यात नरच सापडतात. अंडी घातलेली मादी बाहेरच असते. म्हणून सापळा लावला, आता फळं वेचायची गरज नाही, असं समजू नका.

आता कपाशीच्या औषधाबद्दल दोन शब्द, कारण ते आपल्या घराघरात असतं.

अळी फळाच्या आत आहे. वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. जी पोचते ती मधमाशी मरते. मग आधी फळमाशीनं गळायचं ते फळ आता परागकण न मिळाल्यानं गळतं. मावशींच्या घरी शेवटी गळ वाढली ती अशी. शिवाय प्रत्येक औषधाच्या लेबलावर ते कोणत्या पिकासाठी आहे आणि फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही, हे लिहिलेलं असतं. कपाशीवर मारायचं औषध भाजीसाठी नसतं. दोडका आपण आज फवारून परवा तोडतो आणि लेकराच्या ताटात वाढतो. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल सगळ्यात जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं नाही, तेही विषच.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20हून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले. ती माणसं आपल्यासारख्याच घरांतली होती. म्हणून औषधाचा डबा स्वयंपाकघरात नको, लेकरांच्या हाताला नको आणि सांदवाडीत तर नकोच. कुणाच्या अंगावर औषध सांडलं तर कपडे लगेच काढा, अंग साबणानं भरपूर पाण्यात धुवा. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर 108ला फोन करा आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा सोबत न्या. डॉक्टरांना त्यावरूनच उपचार ठरवता येतात.

शेवटची आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

लाल भुंगेरा एकटी बाई आवरू शकते. मावा एकटी आवरू शकते. फळमाशी नाही. ती कुंपण ओळखत नाही. तुम्ही तुमची फळं पुरली आणि शेजारणीनं उकिरड्यावर टाकली, तर तिच्या उकिरड्यावरची माशी तुमच्याच मांडवावर येणार. हे काम गल्लीनं मिळून करायचं आहे आणि गल्लीनं मिळून करायची कामं आपला गट वर्षानुवर्षं करतोच आहे. आपण बचत एकटीनं करत नाही, कर्जाची हमी एकटीनं घेत नाही. मग फळमाशी एकटीनं कशी हटवणार?

त्या गल्लीत आम्ही पुन्हा गेलो. आधी आमची चूक बैठकीत कबूल केली. थोडं अवघड वाटलं, पण बायांनी ऐकून घेतलं. एक जण तर म्हणाली, "तुम्हीही आमच्यासारख्याच आहात म्हणायच्या." खताचा खड्डा सगळ्यांनी मिळून उपसला. किडकी फळं खाली खोल दाबली, वर दोन फूट माती ओढली आणि चोपून घट्ट केली. मग वाटणी ठरली. रोज संध्याकाळी एक घर एक टोपली घेऊन गल्लीभर फिरणार, सगळ्यांची गळालेली फळं गोळा करणार आणि एकाच खोल खड्ड्यात पुरणार. सापळ्यांचा खर्च गटानं वाटून घेतला, चार घरांमागे एक सापळा. शाळेत जाणाऱ्या मुली दर रविवारी सापळे उघडून पाहायच्या. पहिल्या रविवारी तळ झाकलेला होता. महिन्याभरानं मोजता येतील एवढ्याच माश्या होत्या. गळ पूर्ण थांबली असं आम्ही म्हणणार नाही. पण घरोघरी भाजीला दोडका मिळायला लागला, आणि उशिरा धरलेली कोहळी दिवाळीपर्यंत टिकली.

मावशींचा वेल मात्र तेव्हा नव्हता. पण टोपली फिरवायची पाळी त्यांनी सोडली नाही. आम्ही विचारलं, मावशी, तुमच्याकडे तर वेलच नाही. त्या म्हणाल्या, "माझी माशी यांच्याकडे गेली असेल ना." या वर्षी मृगात आम्ही बी घेऊन त्यांच्या दारी गेलो. वाटायला म्हणून नाही, विचारायला गेलो. त्यांनी दोडक्याच्या चार बिया उचलल्या, पदराला बांधल्या आणि म्हणाल्या, "यंदा आधी येऊन पाहून जा, मग सांगा."

तेच आम्ही तुम्हाला सांगतो. या आठवड्याच्या गटाच्या बैठकीत एवढंच करा. प्रत्येकीनं आपल्या वेलाखालचं एक गळालेलं फळ पिशवीत घालून घेऊन या. मध्ये कागद अंथरा, विळी ठेवा आणि एकेक फळ चिरून पाहा. अळी निघाली की फळमाशी, नाही निघाली तर परागकणांची अडचण. मग टोपलीची पाळी कुणाची कोणत्या दिवशी, ते बैठकीच्या वहीत लिहा. चिरलेली फळं मात्र तिथेच टाकून उठू नका. खोल पुरा, माती दाबा, हात धुवा आणि मग चहा घ्या.

तुमच्या वेलांना भरभरून फळं येवोत. नमस्कार.